घरगुती नोंदींसाठी डेटाबेस: मोफत साधने आणि खरा खर्च

हैदराबादची ओळख गेल्या पाव शतकात सॉफ्टवेअरशी जोडली गेली. १९९८ साली तेथील हायटेक सिटीत 'सायबर टॉवर्स'चे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने आपले भारतीय विकास केंद्रही याच शहरात सुरू केले. मोठमोठ्या कंपन्यांच्या माहितीचे व्यवस्थापन करणारे असंख्य तंत्रज्ञ आज तेथे काम करतात. परंतु त्याच शहरातील एखाद्या मराठी कुटुंबाला, किंवा फोंडा-म्हापशातील एखाद्या घराला, स्वतःची पुस्तके, जमिनीची कागदपत्रे, नाणी किंवा कुळागराचे उत्पन्न यांची शिस्तशीर नोंद ठेवायची असेल, तर कोणते सॉफ्टवेअर घ्यावे याचे सरळ उत्तर सहसा मिळत नाही. बाजारात नावे पुष्कळ आहेत. त्यांतली काही कार्यालयांसाठी घडवलेली आहेत, काही दरवर्षी भाडे मागतात आणि काही फुकट दिसली तरी पुढे महाग पडतात.

थोडक्यात सांगायचे तर घरगुती कामापुरत्या डेटाबेस सॉफ्टवेअरसाठी आज एक रुपयाही खर्च करण्याची आवश्यकता नाही. खर्च लागतो तो नोंदींचा आराखडा ठरवण्यास आणि त्या चिकाटीने भरण्यास. निवड चुकली तर काही वर्षांनी आपलीच माहिती बाहेर काढताना तो पुन्हा सोसावा लागतो.

एका हवेलीचा संग्रह

घरगुती संग्रहाची नोंद का महत्त्वाची, हे समजण्यास हैदराबादचेच एक उदाहरण पुरेसे आहे. सालारजंग तिसरे, म्हणजेच मीर युसुफ अली खान (१८८९–१९४९), हे १९१२ ते १९१४ या काळात निजामाचे दिवाण होते. त्यानंतरचे आयुष्य आणि बरीचशी संपत्ती त्यांनी कलावस्तू व हस्तलिखिते जमवण्यात वेचली. ते अविवाहित होते. २ मार्च १९४९ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा हा संग्रह त्यांच्या निरनिराळ्या वाड्यांत विखुरलेला होता. हैदराबादचे तत्कालीन मुख्य नागरी प्रशासक वेल्लोडी यांनी त्या वस्तू एकत्र आणून संग्रहालय उभारण्याची कल्पना मांडली आणि कलासमीक्षक डॉ. जेम्स कझिन्स यांच्याकडे मांडणीचे काम सोपवले. १६ डिसेंबर १९५१ रोजी दिवाण देवडीत पंडित नेहरूंच्या हस्ते संग्रहालय खुले झाले. १९६१ मध्ये संसदेच्या कायद्याने ते राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरले आणि १९६८ मध्ये मुसी नदीकाठच्या सध्याच्या वास्तूत आले. आज तेथे सुमारे ४६ हजार कलावस्तू, आठ हजार हस्तलिखिते आणि ६० हजार मुद्रित ग्रंथ आहेत.

या संग्रहाच्या संगणकीय नोंदींचा धागा गोव्यापर्यंत येतो. सी-डॅकच्या पुणे केंद्राने तयार केलेली 'जतन' ही संगणकप्रणाली देशातील दहा संग्रहालयांत बसवण्यात आली. त्यांत सालारजंग संग्रहालय आहे, तसेच जुन्या गोव्यातील भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे संग्रहालयही आहे. दहाही ठिकाणी नोंदीचा साचा समान राहावा, हा त्यामागचा हेतू होता. घरातील संग्रह कितीही लहान असला तरी तत्त्व तेच राहते. कोणती वस्तू, कोठून आली, कधी आली आणि सध्या कोठे ठेवली आहे, हे मालकाच्या स्मरणात असते. तो हयात नसताना हीच माहिती इतरांना कागद चाळून शोधावी लागते. वारसाहक्काच्या प्रकरणांत मालमत्तेची यादी सादर करण्याची पद्धत गोव्यात रुळलेली असल्याने येथील वाचकांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

डेटाबेस म्हणजे काय?

डेटाबेसला मराठीत 'विदागार' असाही शब्द आहे. ठरावीक साच्यात साठवलेली, परस्परांशी जोडलेली आणि हवी तशी शोधता येणारी माहिती म्हणजे डेटाबेस. आज सर्वत्र रूढ असलेल्या 'संबंधाधिष्ठित' पद्धतीची मांडणी आयबीएम कंपनीतील शास्त्रज्ञ ई. एफ. कॉड यांनी १९७० साली केली. माहिती अनेक लहान तक्त्यांत ठेवावी आणि प्रत्येक गोष्ट एकाच ठिकाणी नोंदवून इतरत्र तिचा केवळ क्रमांक वापरावा, हा त्या पद्धतीचा गाभा आहे. माहिती विचारण्याची 'एसक्यूएल' ही भाषा आयबीएममध्येच १९७०च्या दशकात घडली आणि १९८६ मध्ये तिला प्रमाणित रूप मिळाले. ती एकदा शिकली की थोड्याफार फरकाने बहुतेक डेटाबेसवर चालते.

संग्रहालयात प्रत्येक वस्तूला एक क्रमांक देतात आणि तो पुन्हा दुसऱ्या वस्तूला देत नाहीत. डेटाबेसमध्ये यालाच 'प्रायमरी की' म्हणतात. नावे सारखी असू शकतात, आडनावे बदलतात, पुस्तकाच्या दोन आवृत्त्या घरात असतात, पण क्रमांक एकच राहतो. घरगुती नोंदीतही पहिला स्तंभ क्रमांकाचा असावा आणि तोच क्रमांक पेन्सिलीने पुस्तकाच्या आतल्या पानावर किंवा कागदाच्या पाकिटावर लिहावा.

तक्ता केव्हा पुरतो?

प्रत्येक यादीला डेटाबेस लागतोच असे नाही. एकच यादी, तीही काही शे नोंदींची आणि भरणारी व्यक्ती एकच असेल, तर 'लिब्रेऑफिस कॅल्क'चा किंवा 'गुगल शीट्स'चा साधा तक्ता पुरेसा आहे. दोन्ही मोफत आहेत. घरात केवळ मोबाइल असेल तर गुगल शीट्स हाच सोयीचा मार्ग आहे.

तक्त्याच्या मर्यादा मात्र ठाऊक असाव्यात. पहिली मर्यादा आकाराची. एक्सेलच्या जुन्या फाइलप्रकारात ६५,५३६ ओळीच मावत, नव्या प्रकारात १०,४८,५७६ मावतात. २०२० साली इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने जुना प्रकार वापरल्यामुळे २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील कोविडचे १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकडेवारीतून निसटले होते. घरात एवढ्या नोंदी होत नाहीत, म्हणून गृहस्थाला खरा त्रास दुसऱ्या मर्यादेचा होतो: तक्ता स्वतःच्या मनाने अर्थ लावतो. एक-चौदाच्या उताऱ्यातील '१२/३' हा सर्व्हे क्रमांक व पोटविभाग इंग्रजी अंकांत भरला, तर तो १२ मार्च किंवा ३ डिसेंबर होऊन बसतो. हा दोष इतका चिवट आहे की जनुकांची इंग्रजी नावे तारखांत बदलू लागल्याने २०२० मध्ये त्या क्षेत्रातील नामकरण समितीने काही जनुकांची नावेच बदलली. यावर उपाय म्हणजे असा स्तंभ भरण्यापूर्वीच त्याचा प्रकार 'मजकूर' असा ठरवणे.

तिसरी मर्यादा पुनरुक्तीची. एकाच आजोबांचे नाव तक्त्यात ४० ठिकाणी लिहावे लागले, की त्याची चार रूपे होतात आणि शोध अपुरा ठरतो. हे घडू लागले की डेटाबेसकडे वळण्याची वेळ आली असे समजावे.

कागदांच्या पेटीचे उदाहरण

गोवा आणि हैदराबाद यांच्यात एक ऐतिहासिक साम्य आहे. दोन्ही प्रदेश थेट ब्रिटिश अमलाखाली नव्हते. त्यामुळे कोठी, काचिगुडा भागातील जुन्या मराठी घरात सापडणारी कागदपत्रे उर्दू, मोडी, तेलुगू आणि इंग्रजी अशा अनेक लिप्यांत असू शकतात. गोव्यातील घरांत पोर्तुगीज, मोडी आणि देवनागरी कागद एकाच पेटीत असतात. अशा पेटीची नोंद करणे हे घरगुती डेटाबेसचे उत्तम उदाहरण आहे.

त्यासाठी तीन तक्ते पुरतात. पहिला 'कागद': क्रमांक, प्रकार, भाषा, लिपी, मूळ तारीख, इसवी तारीख, ठेवण्याची जागा आणि छायाप्रतीच्या फाइलचे नाव. दुसरा 'व्यक्ती': क्रमांक, नाव, नावाची इतर रूपे, जन्म-मृत्यूची वर्षे. तिसरा तक्ता या दोहोंना जोडतो. त्यात कागदाचा क्रमांक, व्यक्तीचा क्रमांक आणि त्या कागदातील तिची भूमिका, म्हणजे खरेदीदार, विकणारा, साक्षीदार किंवा वारस, एवढेच असते. एका कागदावर पाच माणसे असली तर तिसऱ्या तक्त्यात पाच ओळी होतात. मग 'आजोबा ज्या ज्या कागदांत साक्षीदार आहेत ते दाखव' असा प्रश्न विचारता येतो. साध्या तक्त्यात हे काम जिकिरीचे आहे.

तारखेसाठी दोन स्तंभ ठेवण्याचे कारणही महत्त्वाचे आहे. निजामाच्या राज्यातील कागदांवर फसली सन असे. त्यात ५९० मिळवले की साधारण इसवी सन मिळतो, म्हणजे फसली १३५७ हे १९४७-४८ होय. मराठी कागदांवर शकाचे वर्ष असू शकते, त्यात ७८ मिळवावे लागतात. मूळ तारीख जशी लिहिली आहे तशी मजकूर म्हणून ठेवावी आणि इसवी तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने वेगळी लिहावी. १९४८-०९-१७ हा हैदराबादचा आणि १९६१-१२-१९ हा गोव्याचा मुक्तिदिन या पद्धतीने लिहिला, की कोणतेही सॉफ्टवेअर त्यांचा कालक्रम अचूक लावते. वर्षच माहीत असेल तर तेवढेच लिहावे. तर्काने दिवस-महिना भरू नये.

मोफत पर्याय

घरगुती वापरासाठी पुढील साधने विनामूल्य उपलब्ध असून ती विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्ही प्रणालींवर चालतात.

लिब्रेऑफिस बेस: 'ओपनऑफिस'पासून २०१० साली वेगळ्या झालेल्या लिब्रेऑफिस संचाचा हा भाग आहे. तक्ते, माहिती भरण्याचे अर्ज, प्रश्न आणि छापण्याजोगे अहवाल हे सारे एकाच ठिकाणी मिळते. लिब्रेऑफिसचा दर्शनी भाग मराठीतही घेता येतो. नवशिक्याला अर्ज भरण्याची सोय हवी असेल तर हा पहिला पर्याय मानावा. त्याच्या अंतर्गत डेटाबेससाठी संगणकावर 'जावा' असावी लागते. काम चालू असताना वीज गेली किंवा संगणक अडकला तर फाइल बिघडू शकते, म्हणून काम संपताच तिची प्रत काढण्याची सवय ठेवावी.

एसक्यूलाइट: डी. रिचर्ड हिप यांनी २००० साली अमेरिकी नौदलाच्या युद्धनौकेशी संबंधित एका कामातून याची निर्मिती केली. संपूर्ण डेटाबेस एकाच फाइलमध्ये राहतो आणि त्याला वेगळा सर्व्हर लागत नाही. अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्ही फोनमध्ये तो आधीपासूनच असतो आणि व्हॉट्सअ‍ॅपचे संदेशही त्यातच साठवले जातात. तो सार्वजनिक मालकीचा असल्याने परवान्याचा प्रश्नच नाही. अमेरिकेच्या 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'ने माहितीसंच जपण्यासाठी शिफारस केलेल्या प्रकारांत त्याचा समावेश केला आहे आणि निर्मात्यांनी २०५० पर्यंत तो सांभाळण्याचा संकल्प जाहीर केला आहे. तो हाताळण्यासाठी 'डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट' हे मोफत साधन आहे. त्यात तक्ते तयार करणे, भरणे आणि शोधणे सोपे आहे, परंतु बेससारखे सजवलेले अर्ज व अहवाल मिळत नाहीत.

मायएसक्यूएल, मारियाडीबी आणि पोस्टग्रेएसक्यूएल: हे तिन्ही सर्व्हर पद्धतीचे डेटाबेस आहेत. १९९५ साली आलेला मायएसक्यूएल आता ओरॅकल कंपनीकडे आहे. त्याचे मूळ निर्माते मायकेल विडेनियस यांनी २००९ मध्ये मारियाडीबीची स्वतंत्र शाखा काढली. पोस्टग्रेएसक्यूएलची मुळे बर्कली येथील विद्यापीठात १९८६ साली सुरू झालेल्या प्रकल्पात आहेत. अनेक व्यक्ती एकाच वेळी नोंदी भरणार असतील, किंवा शिकण्याची इच्छा असेल, तर यांचा विचार करावा. एका घराच्या पुस्तकयादीसाठी ते स्थापित करणे म्हणजे पाटातले पाणी बागेला वळवण्यासाठी धरण बांधणे होय.

स्वतः तक्ते आखण्यापूर्वी तयार साधन आहे का, हेही पाहावे. वंशावळीसाठी 'ग्रॅम्प्स', घरखर्चासाठी 'ग्नूकॅश' आणि अभ्यासाच्या ग्रंथसूचीसाठी 'झोटेरो' ही तिन्ही विनामूल्य आहेत. वाचनालय चालवणाऱ्या संस्थांसाठी न्यूझीलंडमध्ये जन्मलेले 'कोहा' आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे 'ई-ग्रंथालय' उपलब्ध आहे. संस्थांसाठी विनामूल्य डेटाबेस ही कल्पना नवी नाही. १९८५ मध्ये युनेस्कोने छोट्या संगणकांसाठी 'सीडीएस/आयसिस' आणले होते आणि भारतात 'निसॅट' या सरकारी कार्यक्रमामार्फत ते ग्रंथालयांना पुरवले गेले.

भाड्याचे पर्याय

मायक्रोसॉफ्टचे 'अ‍ॅक्सेस' १९९२ पासून प्रचलित आहे. अर्ज आणि अहवाल तयार करण्याची त्याची सोय आजही वाखाणली जाते. मात्र ते केवळ विंडोजवर चालते, एका फाइलची मर्यादा दोन जीबी आहे आणि 'मायक्रोसॉफ्ट ३६५'सोबत घेतल्यास वर्गणी भरत राहावी लागते. ज्यांच्याकडे ते आधीपासून आहे त्यांनी जरूर वापरावे, पण केवळ घरगुती यादीसाठी नव्याने घेण्याचे कारण नाही. अ‍ॅक्सेसमध्ये तयार झालेली फाइल फक्त वापरायची असेल तर त्याची 'रनटाइम' आवृत्ती विनामूल्य मिळते.

'एअरटेबल'सारख्या संकेतस्थळांवरील सेवा दिसायला आकर्षक व शिकायला सोप्या असतात. त्यांच्या मोफत योजनेत नोंदींच्या संख्येला मर्यादा असते आणि ती कंपनीला बदलता येते. शिवाय माहिती दुसऱ्याच्या संगणकावर राहते. पाककृतींची यादी तेथे ठेवण्यास हरकत नाही. आधार क्रमांक, बँक खाती किंवा जमिनीचे तपशील ठेवू नयेत.

मराठी नोंदींच्या खास अडचणी

वर उल्लेखिलेली सर्व साधने 'युनिकोड' देवनागरी स्वीकारतात. तरीही मराठीत नोंदी ठेवणाऱ्याने चार गोष्टी सांभाळाव्यात.

पहिली गोष्ट अक्षरसंचाची. श्रीलिपी, आकृती यांसारख्या जुन्या पद्धतींत टंकलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसला तरी संगणकाच्या लेखी ती इतर चिन्हे असतात. असा मजकूर डेटाबेसमध्ये घातला तर शोधही लागत नाही आणि क्रमही लागत नाही. तो आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावा.

दुसरी अकारविल्हेची. एसक्यूलाइटसारखे साधन अक्षरांचा क्रम त्यांच्या सांकेतिक क्रमांकानुसार लावते. त्यात 'ळ' हे अक्षर 'ल' आणि 'व' यांच्यामध्ये येते, शाळेतल्या वर्णमालेप्रमाणे 'ह'नंतर येत नाही. त्यामुळे 'काळे' हे आडनाव 'कासार'च्या आधी लागते. 'क्ष' हे जोडाक्षर असल्याने 'क्षीरसागर' यादीच्या शेवटी न येता 'क'च्या गटात जाते. काही बिघडले असे समजून घाबरू नये, शोधताना ध्यानात ठेवावे.

तिसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. 'कऱ्हाड' या शब्दातील अर्धा 'र' संगणकात दोन वेगवेगळ्या प्रकारे साठवता येतो. पडद्यावर दोन्ही शब्द एकसारखे दिसतात, पण एकाचा शोध घेतला तर दुसरा सापडत नाही. घरातील सर्वांनी एकच कळफलक वापरल्यास ही अडचण बव्हंशी टळते. 'कुलकर्णी' आणि 'कुळकर्णी', 'नाईक' आणि 'नायक' अशा रूपभेदांसाठी 'नावाची इतर रूपे' हा स्तंभ उपयोगी पडतो.

चौथी गोष्ट अंकांची. ज्या स्तंभांची बेरीज करायची आहे त्यांत आकडे इंग्रजी अंकांत भरावेत. एसक्यूलाइट देवनागरी अंकांना संख्या मानत नाही, साधा मजकूर मानते.

जुन्या फायलींचे काय?

१९८०–९०च्या दशकांत भारतातील दुकाने, सहकारी संस्था आणि शाळांत 'डीबेस' व 'फॉक्सप्रो' या साधनांचे राज्य होते. मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये फॉक्सप्रो विकत घेतले. त्याची अखेरची आवृत्ती २००४ मध्ये आली आणि जानेवारी २०१५ मध्ये तिचा आधारही संपला. त्या काळातील 'डीबीएफ' फायली आजही अनेक जुन्या संगणकांत पडून आहेत. त्या फेकून देऊ नयेत. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये त्या थेट उघडता येतात आणि पुढे साध्या स्वरूपात साठवता येतात. उघडताना अक्षरसंच विचारला जातो, तेथे योग्य पर्याय निवडला नाही तर अक्षरे विचित्र दिसतात.

या अनुभवातून निवडीचा एक निकष हाती येतो. कोणतेही साधन घेण्यापूर्वी त्यातून सारी माहिती 'सीएसव्ही' या साध्या मजकूर-प्रकारात बाहेर काढता येते का, हे पाच-दहा नोंदी भरून तपासावे. सीएसव्ही फाइल कोणत्याही संगणकावर वाचता येते. साठवताना 'यूटीएफ-८' हा पर्याय निवडावा, म्हणजे देवनागरी अक्षरे शाबूत राहतात.

शिकणे आणि सोबत

हैदराबादच्या अमीरपेठ भागात, विशेषतः मैत्रीवनम परिसरात, ओरॅकल, जावा यांसारखे विषय शिकवणाऱ्या खासगी वर्गांची दाटी आहे. नोकरीच्या शोधातील तरुण देशभरातून तेथे येतात. घरगुती डेटाबेससाठी मात्र अशा अभ्यासक्रमाची गरज नाही. एसक्यूएलमधील निवडणे, गाळणे, क्रम लावणे आणि दोन तक्ते जोडणे या चार क्रिया समजल्या तरी बहुतेक कामे होतात.

याच शहरात २००५ पासून 'स्वेच्छा' ही मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करणारी संस्था कार्यरत आहे. तेलुगू भाषेत संगणकप्रणाली उपलब्ध करून देणे हा तिच्या कामाचा महत्त्वाचा भाग राहिला. अशा चळवळी 'मुक्त' आणि 'फुकट' यांत फरक करतात. फुकट साधनाचा मालक उद्या पैसे मागू शकतो किंवा ते बंद करू शकतो. मुक्त साधनाची संहिता सर्वांसाठी खुली असल्याने मूळ संस्था थांबली तरी दुसरे लोक ते पुढे नेतात. ओपनऑफिसमधून लिब्रेऑफिस आणि मायएसक्यूएलमधून मारियाडीबी निघाले ते याच मोकळिकीमुळे. आपल्या भाषेत साधन मिळण्याचा मार्गही त्यातूनच खुला होतो.

प्रती आणि गोपनीयता

डेटाबेसच्या तीन प्रती असाव्यात: एक संगणकावर, एक पेनड्राइव्ह किंवा बाह्य डिस्कवर आणि एक घराबाहेर, नातेवाइकाकडे किंवा सांकेतिक कुलूप लावून ऑनलाइन. कागदांची छायाचित्रे डेटाबेसमध्ये भरू नयेत. ती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून त्यांना कागदाचाच क्रमांक द्यावा, म्हणजे डेटाबेस हलका राहतो आणि प्रत लवकर निघते. वर्षातून एकदा संपूर्ण यादी कागदावर छापून पेटीतच ठेवली, तर संगणक न वापरणाऱ्या ज्येष्ठांनाही ती वाचता येते.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ एखाद्या व्यक्तीने केवळ वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी ठेवलेल्या माहितीला लागू होत नाही. तीच यादी मंडळाची, देवस्थानची किंवा सोसायटीची झाली की ही सूट गृहीत धरता येत नाही. त्यामुळे सभासदांचे फोन क्रमांक आणि पत्ते घरच्या यादीत मिसळू नयेत.

सुरुवात कशी करावी?

आधी कागदावर तीन प्रश्न लिहावेत: या नोंदींतून आपल्याला पुढे काय विचारायचे आहे, त्या भरणार कोण आणि आपल्यानंतर त्या उघडणार कोण. पहिल्या प्रश्नावरून स्तंभ ठरतात, दुसऱ्यावरून साधन आणि तिसऱ्यावरून फाइलचा प्रकार. त्यानंतर २० नोंदी भरून पाहाव्यात, चुकलेले स्तंभ बदलावेत, सीएसव्ही प्रत काढून ती दुसऱ्या संगणकावर उघडते की नाही ते तपासावे आणि मगच उरलेल्या नोंदींना हात घालावा. एक यादी आणि एक माणूस असेल तर कॅल्क, अर्ज व अहवाल हवे असतील तर बेस, दीर्घकाळ टिकणारी एकच फाइल हवी असेल तर एसक्यूलाइट, एवढे ध्यानात ठेवले तरी निवड सोपी होते. फाइल कोठे आहे आणि ती कशाने उघडते, हे घरातील आणखी एका व्यक्तीला त्याच दिवशी सांगून ठेवावे.